गाव टाळणारा रस्ता

आमचे एक स्नेही गेल्या हिवाळ्यात धुळ्याहून जळगावास मोटारीने गेले. गृहस्थ बहुश्रुत, चार ग्रंथांचे कर्ते, आणि इतर बाबतींत ज्यांचा अभिप्राय आम्ही आदराने ऐकतो असे. परत आल्यावर ते मोठ्या संतोषाने आम्हांस म्हणाले, "रस्ता आता असा काही उत्तम झाला आहे की वाटेत एकही गाव लागत नाही!" हे ऐकून आम्ही प्रथम थक्क झालो आणि मागाहून खिन्न झालो. एखाद्या विहिरीची थोरवी सांगताना 'तिच्यात पोहरा सोडावाच लागत नाही' असे कोणी म्हटले तर आपण त्यास हसू; परंतु रस्त्याची थोरवी सांगताना 'त्यावर गाव लागत नाही' असे म्हणणाऱ्यास आज कोणी हसत नाही, उलट श्रोते माना डोलवितात. ह्यावरून रस्ता म्हणजे काय, तो कशासाठी असतो आणि कोणाचा असतो, ह्याविषयीची आपली समजूतच पालटली आहे असे आम्हांस वाटते. ही नवी समजूत चुकीची आहे, इतकेच नव्हे तर घातक आहे, हे दाखविण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

ज्या रस्त्याविषयी आम्ही बोलत आहो तो काही आडवळणाचा नव्हे. गुजरातेतील हजिऱ्यापासून निघून, सुरतेवरून नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशी खानदेशची पूर्वपश्चिम रुंदी कापीत, वऱ्हाड-नागपुरावरून थेट कोलकात्यास जाणारा हा महामार्ग कित्येक दशके 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६' म्हणून ओळखला जात होता. धुळ्यास त्याला छेदून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता त्याहूनही नामांकित. २०१० साली सरकारने देशातील सर्व राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. त्यात ६ चा ५३ झाला; आग्रा रस्त्याचा ३ होता, त्याचे धुळ्याच्या दक्षिणेस ६० आणि उत्तरेस ५२ झाले; सोलापुराहून येणारा २११ होता तोही ५२ मध्ये विलीन झाला. क्रमांक बदलल्याबद्दल आमची तक्रार नाही. क्रमांक हे बदलण्यासाठीच असतात. परंतु ज्या वस्तूचे नाव एका राजपत्राने एका दिवसात बदलते आणि कोणाच्याही तोंडचा एक शब्द त्यामुळे अडखळत नाही, ती वस्तू लोकांच्या जिव्हाळ्याची राहिलेली नाही, हे उघड आहे. धुळ्याचे लोक अजूनही 'आग्रा रोड' असेच म्हणतात. कारण ते नाव गावांस गाव जोडणाऱ्या रस्त्याचे आहे, आकड्याचे नव्हे.

स्नेह्यांच्या त्या उद्गारानंतर आम्ही मनाशी ठरविले की, हाच प्रवास आपण जुन्या रीतीने, म्हणजे प्रत्येक गावात शिरून, करून पाहावा. धुळे ते जळगाव हे अंतर पुरते शंभर किलोमीटरही नाही. आम्ही त्यास दोन दिवस लावले. भाड्याच्या मोटारीचा सारथी धुळ्याचाच होता. पारोळ्याच्या अलीकडे आम्ही त्यास नवा रस्ता सोडून गावात घेण्यास सांगितले, तेव्हा तो आश्चर्याने म्हणाला, "गावमा काय शे, दादा?" ह्या प्रश्नाचे उत्तर देणे हेच ह्या लेखाचे काम होय. आणि हा प्रश्न एकट्या सारथ्याचा नसून आमच्या ग्रंथकर्त्या स्नेह्यांचाही तोच आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देणे भाग आहे.

प्रथम धुळेच घ्या. १८१८ साली पेशवाई गेल्यावर खानदेशाचा कारभार कॅप्टन ब्रिग्ज ह्या अधिकाऱ्याकडे आला, आणि त्याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. ही निवड करण्याचे एक मुख्य कारण असे की पुण्याहून हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव होते. म्हणजे धुळ्याची आजची प्रतिष्ठा ही रस्त्याने दिलेली देणगी आहे. पुढे त्या प्रतिष्ठेचे धुळ्याने काय केले? इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी आपले अखेरचे दिवस ह्याच गावी घालविले आणि १९२६ च्या डिसेंबरात येथेच देह ठेवला. त्यांच्या मागे त्यांचे कागद, टिपणे व दप्तरे सांभाळण्यासाठी धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. शंकरराव देवांनी गावोगावच्या मठांतून रामदासी हस्तलिखिते गोळा केली, ती येथील समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. आणि १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक ह्याप्रमाणे अठरा रविवार, विनोबांनी गीतेवर प्रवचने केली ती कोणत्याही विद्यापीठाच्या सभागृहात नव्हे, तर धुळ्याच्या तुरुंगात. आणि ती उतरून घेणारा लेखक होता साने गुरुजी. 'गीता प्रवचने' पुढे अनेक भाषांत गेली. ज्या तुरुंगात ती जन्मली त्याच्या भिंतीवरून आमचे स्नेही अनेकदा गेले असतील. परंतु त्यांनी धुळे पाहिले ते उड्डाणपुलावरून.

राजवाड्यांचे नाव निघाले आहे तेव्हा एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या नावाने बावीस खंड त्यांनी प्रसिद्ध केले. हे खंड कोठून आले? लहानसहान गावांतील वाड्यांच्या माळ्यांवर, कुळकर्ण्यांच्या व देशमुखांच्या रुमालांत, वाळवी लागलेल्या पेट्यांत जे कागद पडले होते, ते ह्या मनुष्याने पायपीट करून, दारोदार हिंडून, मिनतवाऱ्या करून बाहेर काढले. गाव टाळून जाणाऱ्या रस्त्याने राजवाडे फिरले असते तर त्या बावीस खंडांपैकी एकाचेही एक पान आपणांस दिसते ना. ज्या प्रांताने ह्या पुरुषाची राख सांभाळली, त्याच प्रांतात 'गावात काय आहे?' असे सुशिक्षितांनी विचारावे, ह्यापरते दैव ते कोणते?

धुळे सोडून आम्ही पूर्वेकडे निघालो. फागणे, मुकटी ही गावे मागे टाकून सुमारे तासाभरात पारोळ्यास पोहोचलो. नवा चौपदरी रस्ता पारोळ्यास वळसा घालून जातो. त्या वळशाच्या फाट्यावर आम्ही एक दृश्य पाहिले ते सांगतो. एक लांब पल्ल्याची बस थांबली; तिच्यातून एक म्हातारी उतरली; तिच्या हाती एक बोचके आणि काखेत एक आजारी नातू. बस गावात जाणार नव्हती. तिचा मार्ग वाचणार होता, डिझेल वाचणार होते, आणि दहा-पंधरा मिनिटे वाचणार होती. म्हातारी त्या भर दुपारी पोराला घेऊन गावाकडे चालू लागली. आम्ही तिला मोटारीत घेतले, म्हणून तिची त्या दिवसाची पायपीट चुकली. परंतु रोज तेथे मोटार कोण उभी करणार आहे? वाचलेली ती दहा मिनिटे कोणाच्या खिशातून वाचली, ह्याचा हिशेब रस्त्याच्या अंदाजपत्रकात कोठेही मांडलेला नसतो.

पारोळ्याच्या बाजारात एका दुकानी आम्ही चहासाठी बसलो. दुकानदार वयस्क होते. पूर्वी सुरतेच्या व नागपूरच्या गाड्या दारावरून जात, तेव्हा बसावयास जागा मिळत नसे, असे ते सांगत होते. "आते कोनीच थांबत नही, भाऊ," इतके बोलून त्यांनी फडक्याने बाकडे पुसले. त्या बाकड्यापासून काही पावलांवर पारोळ्याचा भुईकोट किल्ला आहे. अठराव्या शतकात बांधलेला, भोवती खंदक, आणि आज पडझड होऊन उभा. झाशीच्या नेवाळकर घराण्याचा पारोळ्याशी निकटचा संबंध होता. राणी लक्ष्मीबाईचा दत्तक पुत्र दामोदर ह्याच घराण्यातला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ह्या जहागिरीवर व किल्ल्यावर जो राग काढला तो त्या संबंधापायी. झाशीची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत मुलांकडून पाठ करून घेतात. आणि त्याच कथेचे एक पान रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर उघडे पडले असता, त्या पानाकडे नेणारा एक धड फलक नव्या रस्त्यावर आम्हांस आढळला नाही. फलकावर गावाचे नाव, एक बाण, आणि अंतराचा आकडा. एवढ्याने कोण वळेल?

पारोळ्याविषयी आणि पुढल्या एरंडोलविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. १८६० च्या दशकात मुंबईचा लोहमार्ग खानदेशात आला तो चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ह्या बाजूने. सुमारे चाळीस वर्षांनी तापीच्या खोऱ्यातून दुसरा लोहमार्ग आला तो नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ह्या बाजूने. एक दक्षिणेस गेला, एक उत्तरेस गेला; आणि मधली पारोळा व एरंडोल ही दोन जुनी शहरे दोहोंतून सुटली. लोहमार्गाने काय होते हे जळगावाकडे पाहिले म्हणजे कळते. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६२ ते १८६५ ह्या वर्षांत, विलायतेस अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्यात नव्या लोहमार्गाची जोड मिळाली. आणि जळगाव पाहता पाहता कापसाची मोठी पेठ बनले. पारोळा व एरंडोल ह्यांस असे काही मिळाले नाही. त्यांस उरला तो हा एकच रस्ता. त्याच्या आधारावर त्यांनी दीडशे वर्षे आपला बाजार, आपल्या शाळा, आपले दवाखाने चालविले. आता तोही वळसा घालून जाऊ लागला, तर एकाच गावास दोन शतकांत दोनदा वाळीत टाकल्यासारखे होणार नाही काय?

एरंडोलास आम्ही मुक्काम केला. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, असे येथील लोक परंपरेने मानतात; भीमाने बकासुरास मारले ते जवळच्या पद्मालयाच्या रानात, अशीही कथा सांगतात. पद्मालयास तळ्याकाठी गणपतीचे देऊळ आहे, त्यात उजव्या व डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत. कथेचा खरेखोटेपणा पाहणे हे आमचे आजचे काम नव्हे. परंतु आमच्या वाचकांस, म्हणजे कागदावर जगणाऱ्या मंडळीस, एरंडोलची दुसरी एक ओळख अधिक जवळची वाटेल. हे गाव एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. गेल्या शतकाच्या आरंभी इंग्रजी गॅझेटियर लिहिले गेले तेव्हाही हा धंदा अगदीच नामशेष झालेला नव्हता. सावकारांच्या वह्या आणि कारकुनांची दप्तरे अशाच देशी कागदावर भरत. म्हणजे राजवाडे ज्या कागदांसाठी आयुष्यभर हिंडले, त्या जातीचा कागद बनविणारे एक गाव ह्याच रस्त्यावर उभे होते. एका टोकास कागद बनविणारे एरंडोल, दुसऱ्या टोकास कागद जपणारे धुळे, मध्ये पाऊण दिवसाची घोड्याची रपेट. ह्या रस्त्याने प्रवास करून ज्यास वाङ्मयात काही सुचत नाही, त्याच्या प्रतिभेस आम्ही दुरूनच नमस्कार करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुख्य रस्ता सोडून धरणगावाकडे वळलो. १८२५ साली औट्रम ह्याने भिल्लांची पलटण उभारली ती ह्या गावी. परंतु आम्ही गेलो ते पलटणीसाठी नव्हे. १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्यांचा जन्म येथे झाला; अवघा महाराष्ट्र त्यांस बालकवी म्हणून ओळखतो. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, त्यात ह्या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर ह्यांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. १९१८ च्या मे महिन्याच्या ५ तारखेस भादलीच्या स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. आता नकाशा उघडून पाहा. धरणगाव महामार्गापासून थोड्याच अंतरावर, जळगाव महामार्गावर, भादली जळगावच्या पलीकडे, नशिराबादेच्या जवळ. एका कवीचा जन्म, त्याचा नामकरणविधी आणि त्याचा मृत्यू, हे तिन्ही ह्या रस्त्याच्या एका तुकड्यावर अर्ध्या दिवसात पाहता येतात. असा योग जगातील किती रस्त्यांस लाभला असेल? आणि तरीही आमचे स्नेही म्हणतात, वाटेत काही लागत नाही!

पाळधीपासून जळगावच्या उत्तरेकडून तरसोदपर्यंत नवा बाह्यवळण रस्ता निघाला आहे. आम्ही जुन्या रस्त्याने, बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडून, शहरात शिरलो. पुलाच्या अलीकडे टेकडीवर विद्यापीठ आहे, त्यास २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव दिलेले आहे. बहिणाबाईंचे माहेर आसोदे. तेही जळगावच्या त्याच अंगास, जिकडून नवा रस्ता जातो. त्यांस लिहितावाचता येत नव्हते. घरोट्यावर दळताना, शेतात निंदताना जे ओठांवर आले ते घरच्यांनी टिपून ठेवले, आणि १९५१ साली त्यांच्या देहावसानानंतर ते छापून महाराष्ट्रापुढे आले. त्यांची भाषा ही जळगावकडील शेतकरी घरांची बोली. धुळे-पारोळ्याच्या बाजारात आम्ही अहिराणी ऐकली होती. एरंडोलच्या पुढे कानावर पडणारे शब्द पालटू लागले. जळगाव-भुसावळच्या टापूत लेवा पाटीदारांची बोली सुरू झाली. शंभर किलोमीटरांत भाषा अशी पायरीपायरीने बदलत जाते, हे ऐकणे हा प्रवासातील केवढा मोठा लाभ! परंतु तो लाभ बाजारातील बाकड्यावर बसणाऱ्यास मिळतो. नव्या रस्त्यावर ऐकू येते ती एकच बोली, ती चाकांची.

येथवर आम्ही 'गावात काय आहे' ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. आता प्रतिपक्षाचे जे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, गावातून जाणारा महामार्ग माणसे मारतो. हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही कोणतीही काटछाट न करता मान्य करतो. जळगाव शहराच्या पोटातून जाणाऱ्या जुन्या महामार्गावर कित्येक घरांचे कर्ते पुरुष, शाळेत जाणारी मुले, दुचाकीवरून निघालेल्या बायका गेल्या आहेत. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, ती काही हौसेने नव्हेत. अवजड मालमोटारी गावाबाहेरूनच गेल्या पाहिजेत, ह्याविषयी शहाण्या मनुष्यात दुमत असू शकत नाही. तेव्हा आम्ही बाह्यवळणाच्या विरुद्ध आहो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. आमचे म्हणणे इतकेच की, मालमोटारीस जो न्याय तोच प्रवाशास लावणे हा अविचार होय. कापसाच्या गठ्ठ्यास पारोळे पाहण्याची गरज नाही, मनुष्यास आहे. आणि नवा रस्ता झाला म्हणून जुना रस्ता अनाथ करावा, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

दुसरा आक्षेप इतिहासाच्या नावाने केला जातो. रस्ते नेहमीच बदलत आले. गावे नेहमीच वसत व ओस पडत आली. त्याचा शोक कशाला? ह्या मंडळींचे आवडते उदाहरण थाळनेराचे. मोगलाईत सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मार्ग आजच्यासारखा धुळ्यावरून नव्हे, तर नंदुरबारावरून तापीच्या खोऱ्याने जात असे. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो हा बऱ्हाणपुरास गेला तो ह्याच प्रदेशातून. त्या खोऱ्यातील थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. पुढे राजधानी बऱ्हाणपुरास गेली, मार्गही काळाने बदलले, आणि आज थाळनेरास सुलतानांच्या कबरी तेवढ्या शहरपणाची साक्ष देतात. उदाहरण खरे आहे, पण लागू पडत नाही. पूर्वीचा रस्ता एक गाव सोडी तो दुसरे गाव धरण्यासाठी. थाळनेराचे गेले ते बऱ्हाणपुरास मिळाले, आणि पारोळ्याचे हुकले ते जळगावास मिळाले. आताचा रस्ता गाव सोडतो आणि कोणतेच गाव धरीत नाही. पारोळ्याच्या चहावाल्याचे जे बुडाले ते कोणत्या खानदेशी मनुष्याच्या पदरी पडले, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे. इतिहासात हा प्रकार नवीन आहे. म्हणून इतिहासाच्या नावाने त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. ह्यास आम्ही एकाच वाक्याने उत्तर देतो: ज्यांस वेळ नाही त्यांनी नव्या रस्त्याने जावे, परंतु परत आल्यावर 'खानदेश पाहिला' असे म्हणू नये.

हे दुखणे आपल्याच नशिबी आले आहे असे नव्हे. अमेरिकेत शिकागोपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा 'रूट ६६' नावाचा रस्ता १९२६ साली स्थापन झाला. दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या शेतकऱ्यांचे लोंढे त्यावरून पश्चिमेस गेले, आणि त्यांची कथा स्टाइनबेकने १९३९ च्या आपल्या कादंबरीत लिहून तो रस्ता अजरामर केला. पुढे मोठे द्रुतमार्ग गावे टाळून निघाले आणि १९८५ साली रूट ६६ सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला. गावे ओस पडू लागली. तेव्हा ऍरिझोनातील सेलिगमन नावाच्या खेड्यातील एंजल डेल्गाडिलो ह्या केशकर्तनकाराने १९८७ साली गावकऱ्यांस जमवून एक मंडळ स्थापिले, आणि सरकारकडून जुन्या रस्त्यास 'ऐतिहासिक' म्हणून मान्यता मिळवून घेतली. आज जगभरचे लोक तो जुना रस्ता मुद्दाम शोधीत जातात. रस्त्याची आठवण शंभर वर्षांचीही पुरती नसता अमेरिकेतील एका न्हाव्यास जे सुचले, ते शेकडो वर्षांच्या वहिवाटेचे वारस असलेल्या आमच्या नगरपालिकांस, साहित्यसंस्थांस व पंडितांस का सुचू नये?

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि कोणाचे दिवाळे काढणाऱ्या नाहीत. पहिली: बाह्यवळण झाले म्हणजे गावातील जुना तुकडा कोणाच्या तरी गळ्यात बांधून मोकळे होऊ नये, त्याच्या दुरुस्तीचा पैसा आणि त्याची जबाबदारी स्पष्टपणे ठरवून द्यावी, म्हणजे तो खड्ड्यांत मरणार नाही. दुसरी: लांब पल्ल्याच्या बसगाड्यांपैकी निदान काही दिवसाउजेडी गावाच्या स्थानकात गेल्याच पाहिजेत, आजारी पोर काखेत घेतलेल्या म्हातारीस फाट्यावर उतरविणे ह्यास सार्वजनिक सेवा म्हणता येत नाही. तिसरी: प्रत्येक वळशापूर्वी ठळक देवनागरी अक्षरांत गावाची ओळख लिहावी; पारोळ्याचा किल्ला, धरणगावचे बालकवी, आसोद्याच्या बहिणाबाई, धुळ्याचा तुरुंग व राजवाड्यांचे दप्तर. आणि जुन्या वाटेस तिचे नाव द्यावे. आकडा देऊ नये. चौथी मागणी सरकारकडे नसून आमच्याच बंधूंकडे आहे. मराठीत प्रवासवर्णने थोडी लिहिली जात नाहीत. लंडन-पॅरिसच्या हमरस्त्यांवरील उपाहारगृहांची माहिती आम्हांस घरबसल्या आहे. परंतु सुरतेहून नागपुराकडे जाणाऱ्या ह्या रस्त्याचे, गावागावांत थांबून, बोलीबोलीतील शब्द टिपून लिहिलेले एक तरी जाडजूड पुस्तक आमच्या कपाटात असावे, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

१९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेने आपले अधिवेशन मुद्दाम एका खेड्यात भरविले, ते ह्याच जिल्ह्यातील फैजपूर येथे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या वेळी सोयी नव्हत्या, रस्ते कच्चे होते, थंडी कडाक्याची होती. पण देशाच्या पुढाऱ्यांस वाटले की राष्ट्राने एकदा खेड्याच्या दारी गेले पाहिजे. आज राष्ट्राजवळ सोयी आहेत, रस्ते पक्के आहेत, आणि राष्ट्राच्याच नावाने ओळखला जाणारा महामार्ग खेड्याचे दार चुकवून जात आहे. ह्यास प्रगती म्हणावयाचे असेल तर म्हणावे; परंतु ती कोणाची, हे विचारण्याचा अधिकार पारोळ्याच्या त्या चहावाल्यास आहे, आणि त्याच्या वतीने तो आम्ही बजावीत आहो.

आमच्या स्नेह्यांस हा लेख छापण्यापूर्वी आम्ही वाचून दाखविला. ते काही वेळ स्तब्ध राहिले, आणि मग म्हणाले, "पद्मालयास जाण्यास एरंडोलाहून गाडी मिळते का?" वादात ह्यापेक्षा मोठा जय आम्हांस नको. वाचकांनीही पुढल्या खेपेस जळगावास जाताना त्या पहिल्या फाट्यावर मोटार गावाकडे वळवावी. वाटेत बोचके घेऊन चालणारे कोणी दिसले तर त्यास बरोबर घ्यावे. गावात काय आहे, हे तो सांगेल.